कथाक्रीडेतील रंगत आणि स्थलविशेष : देवगिरीच्या आधारे एक विवेचन

वेरूळच्या एकविसाव्या क्रमांकाच्या, रामेश्वर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात शिवपार्वतींच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. वरच्या भागात देव आणि देवी डाव मांडून बसली आहेत. खालच्या भागात शिवगणांचा घोळका नंदीची थट्टा करण्यात दंग आहे. द्यूताचा प्रसंग दाखविण्यासाठी नंदीच्या या छळाची काही आवश्यकता नव्हती, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु शिल्पासमोर थोडा वेळ उभे राहिल्यास असे ध्यानात येते की, तो खालचा भाग झाकला तर वरचा डाव एकदम निर्जीव होतो. धन्याचे लक्ष फाशांकडे लागले आहे, त्यामुळे अंगणातील पोरे मोकाट सुटली आहेत. हे घर खरे आहे, तेथील माणसे खरी आहेत, आणि म्हणून त्यांचा खेळही खरा आहे, असा प्रत्यय त्या गणांमुळे येतो.

प्रस्तुत लेखाचा विषयही खेळच आहे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, काल्पनिक व्यक्तींच्या भूमिका घेऊन, परस्परांच्या साहाय्याने अद्भुत कथा रचण्याचा जो खेळ इंग्रजीत ‘रोलप्लेइंग गेम’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यास येथे ‘कथाक्रीडा’ असे म्हटले आहे. या खेळात कल्पनेची रंगत कशी आणावी, आणि ती आणण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतातील स्थळे व मराठी वाङ्मय यांचा काय उपयोग होऊ शकेल, याचा विचार पुढे केला आहे. विषय वरवर करमणुकीचा दिसला तरी रसनिष्पत्ती, स्थलस्मृती आणि भाषा या तिन्हींशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

१. खेळाचे स्वरूप

या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी, १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ छोट्या धातूच्या सैनिकांनी खेळावयाच्या युद्धखेळांत आहे. युद्धखेळात खेळाडू संपूर्ण सैन्य चालवितो. येथे तो एकच व्यक्ती चालवितो, आणि तिच्या मुखाने बोलतो. हा बदल दिसावयास लहान असला तरी त्यामुळे खेळाचे रूपच पालटले. सैन्याला मन नसते, व्यक्तीला असते.

खेळाची रीत थोडक्यात अशी. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. प्रसंग कोठे घडत आहे, समोर काय दिसते, कोण बोलते, हे तो सांगतो. इतर प्रत्येकाकडे एकेक पात्र असते; त्या पात्राचे बळ, बुद्धी, कौशल्य यांचे आकडे कागदावर लिहिलेले असतात. ‘मी दार ढकलतो’, ‘मी पहारेकऱ्याशी गोड बोलतो’, असे खेळाडू सांगतो. कृतीचे फळ निःसंशय असेल तर सूत्रधार ते लगेच सांगतो. संशय असेल तेथे फासा टाकावयाचा. यासाठी बहुधा वीस बाजूंचा फासा वापरतात. एखादे काम होण्यास १५ किंवा त्याहून अधिक दान पडले पाहिजे असे ठरले, तर विसांपैकी सहा दाने अनुकूल होतात. म्हणजे यशाचा संभव शेकडा ३० राहतो. एका बैठकीत कथा संपत नाही. तीच पात्रे घेऊन आठवड्यामागून आठवडे, कित्येकदा वर्षानुवर्षे चालणाऱ्या कथेस ‘मोहीम’ हा मराठी शब्द तंतोतंत लागू पडतो.

मराठी वाचकास या रीतीचे फारसे नवल वाटू नये. दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकास लिखित संहिता नसते. कथानकाचा आराखडा प्रयोगापूर्वी ठरतो आणि नट आपापले संवाद रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. कथाक्रीडेचेही तसेच आहे. भेद दोन ठिकाणी आहे. दशावतारात शेवट ठरलेला असतो, येथे तो फाशांवर आणि खेळाडूंच्या निर्णयांवर अवलंबून असतो. दशावतारास प्रेक्षक असतो, येथे तो मुळीच नसतो. या दुसऱ्या भेदाचा परिणाम फार दूरवर पोहोचतो.

२. रंगत म्हणजे काय

नवख्या सूत्रधाराची सामान्य समजूत अशी असते की, वर्णनात अद्भुत वस्तू जितक्या अधिक तितकी रंगत अधिक. त्यामुळे तो सांगू लागतो : ‘तुम्ही एका भयाण, प्राचीन, गूढ किल्ल्यात शिरता. सर्वत्र धुके आहे. घुबडे ओरडत आहेत. भिंतींवर विचित्र आकृत्या चमकत आहेत.’ ऐकणारे क्षणभर शांत बसतात आणि मग विचारतात, ‘बरे, दार कोठे आहे?’ या प्रश्नाने सूत्रधार खट्टू होतो. वस्तुतः प्रश्न अगदी रास्त आहे. एवढ्या वर्णनातून खेळाडूला काही करता येईल अशी एकही वस्तू त्याच्या हाती लागलेली नसते.

भरताच्या परिभाषेत हा दोष नेमका सांगता येतो. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय होय. कोणताही रस सिद्ध होण्यास विभाव लागतात, आणि उत्तरकालीन शास्त्रकार विभावांचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार करतात. भाव ज्याच्या आधारे उत्पन्न होतो ते आलंबन. त्यास चेतविणारी परिस्थिती ते उद्दीपन. धुके, घुबड, चमकणाऱ्या आकृत्या ही सगळी उद्दीपने आहेत. आलंबनावाचून केलेले उद्दीपन म्हणजे चुलीत लाकूड न घालता फुंकर मारीत राहणे होय.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. नाटकात नट वेगळा आणि सहृदय प्रेक्षक वेगळा. कथाक्रीडेत खेळाडूच कवी, तोच नट आणि तोच प्रेक्षक. प्रेक्षकाला वर्णन ऐकून विस्मय वाटू शकतो. जो स्वतः कृती करावयास बसला आहे, त्याला विस्मय वाटतो तो आपल्या कृतीतून काही अनपेक्षित निष्पन्न झाल्यावर. म्हणून या खेळापुरती रंगतीची व्याख्या अशी करता येईल : जो तपशील निश्चित आहे, जो खेळाडूला हाताळता येतो, आणि ज्याच्या हाताळण्याने पुढील कथेत फरक पडतो, तो तपशील रंगत आणतो. बाकीचे सर्व अलंकार होत. ते वाईट नाहीत. परंतु ते नंतरचे.

आता असे तपशील आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरतो. पुष्कळ सूत्रधार ते पाश्चात्त्य पुस्तकांतून व चित्रपटांतून उचलतात. बर्फाच्छादित डोंगर, दगडी शेकोटी असलेली मद्यगृहे, उत्तर युरोपातील दैत्य, हे सर्व त्या पुस्तकांच्या लेखकांना जवळचे होते. आपल्याकडील खेळाडूने ते कधी पाहिलेले नसते. त्यामुळे शेकोटीजवळ काय करता येते, हे त्याला आपल्या अनुभवावरून सुचत नाही. उलट अंधाऱ्या जिन्यावर वटवाघळांचा उग्र दर्प आला तर पुढे काय असेल, हे ज्याने एकदा दौलताबाद पाहिले आहे त्यास सांगावे लागत नाही.

३. देवगिरीचे उदाहरण

या खेळाच्या इंग्रजी नावातील ‘डंजन’ या शब्दाचा अर्थ गढीच्या पोटातील कैदखाना असा आहे. तसा कैदखाना आपल्या शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, आणि त्याचे लेखी वर्णनही उपलब्ध आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवराजा पाचवा भिल्लम याने देवगिरी येथे राजधानी केली. सुट्या उभ्या डोंगराचा पायथा सभोवार ताशीव भिंतीसारखा उभा छिलला आहे. त्याखाली खडकात खोदलेला खंदक आहे. खंदक ओलांडण्यास अरुंद पूल, आणि त्यापुढे खडकाच्या पोटातून वर जाणारा, वळणावळणांचा, पायऱ्यांचा काळोखी मार्ग. यासच ‘अंधारी’ म्हणतात. अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणाची योजना होती. शत्रू आत शिरलाच तर त्यावर आग पेटवून भुयार धुराने कोंदून टाकता येई.

समजा, विद्यापीठाच्या वसतिगृहातील पाच विद्यार्थी रविवारी दुपारी बैठक मांडून बसले आहेत. एक सूत्रधार, चार खेळाडू. त्यांच्या पात्रांना एका काल्पनिक किल्ल्यातून एक कैदी सोडवून आणावयाचा आहे. सूत्रधार धुक्याविषयी आणि घुबडांविषयी एक शब्दही न बोलता एवढेच सांगतो : ‘मशाल घेऊन तुम्ही चाळीस पायऱ्या चढला आहात. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. आता वटवाघळे तुमच्या डोक्यावरून खाली, पुलाकडे, उडत निघाली आहेत.’ चौघांपैकी एखादा विचारील, ‘ती वरून का पळत आहेत?’ त्या एका प्रश्नाबरोबर खेळ सुरू झाला. वर आग पेटली आहे हे ज्याने ओळखले त्याच्यापुढे तीन वाटा आहेत : मागे फिरणे, धूर दाटण्यापूर्वी धावत वर जाणे, किंवा फडके भिजवून तोंडास बांधणे व भिंत चाचपीत पुढे सरकणे. यांतील प्रत्येक वाटेचे मोल वेगळे आहे. धावणाऱ्यास असमान पायऱ्यांची आठवण सूत्रधार करून देईल आणि फासा टाकावयास सांगेल. येथे राक्षस नाही, मंत्र नाही. तरीही कोणी ‘दार कोठे आहे’ असे कंटाळून विचारणार नाही.

कैदखान्याचे वर्णन इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने केले आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुहंमद तुघलकाच्या कारकिर्दीत, तो हिंदुस्थानात होता. देवगिरीच्या किल्ल्यात मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांच्यापासून पळ काढतात, असे तो सांगतो. त्याहून विलक्षण आहे ती मलिक खत्ताब या अफगाण सरदाराची हकीकत, जी त्याने स्वतः बतूताला सांगितली. खत्ताबला तेथील ‘उंदरांच्या विवरात’ कोंडले होते, आणि रात्री उंदीर त्याच्यावर चालून येत. शेजारच्या विवरातील कैदी आजारी पडला. उंदरांनी त्याची बोटे व डोळे खाल्ले आणि तो मेला. ही वार्ता सुलतानाच्या कानी गेल्यावर, खत्ताबचीही तीच गत होऊ नये म्हणून त्याला सोडण्याची आज्ञा झाली.

या हकीकतीतील भयाची रचना पाहण्यासारखी आहे. मोठे उंदीर हे निव्वळ नवल आहे. ऐकणारा हसून सोडूनही देईल. भिंतीपलीकडचा आजारी शेजारी हे आलंबन आहे. निरोगी माणूस रात्रभर झुंजू शकतो, आजाऱ्याला ते शक्य नाही, हा नियम एकदा कळला की ताप येणे हीच सर्वांत भयंकर घटना ठरते. सूत्रधाराने यावरून घ्यावयाचा धडा असा की, अद्भुत प्राण्याचे दात आणि नखे मोजीत बसण्यापेक्षा तो केव्हा चालून येतो आणि केव्हा येत नाही, हे ठरवावे, आणि ते खेळाडूंना हळूहळू कळू द्यावे.

तिसरे उदाहरण मिठाचे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर चालून आला, त्या वेळी रामदेवरावाचे मोठे सैन्य राजपुत्राबरोबर दूर गेले होते. व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती धान्याची समजून घाईघाईने किल्ल्यात नेण्यात आली, आणि वेढा पडल्यावर ती मिठाची निघाली, अशी कथा उत्तरकालीन फार्सी तवारिखेत आली आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेची चर्चा येथे कर्तव्य नाही. कथाक्रीडेच्या दृष्टीने तिचे मोल असे की, एका पोत्याची शिवण उसवून पाहणे हे कोणाही पात्राच्या आवाक्यातील काम आहे. वेढा पडण्यापूर्वी कोणी ते केले, तर वेढ्याची कथा निराळी होईल. कोणी केले नाही, तर दहाव्या दिवशी कोठीवरचा माणूस रडत वर येईल. सूत्रधाराने कोठीचे वर्णन करताना ‘पोती फार जड आहेत’ एवढेच एक वाक्य प्रामाणिकपणे बोलून ठेवावे. पुढे उलगडा होईल तेव्हा, ‘आम्हांस हे कळावयास हवे होते’, असे खेळाडूंस वाटले पाहिजे. असा पश्चात्ताप हा विस्मयाचाच सख्खा भाऊ होय.

४. वाङ्मयातील तीन आधार

स्थळांप्रमाणेच आपल्या जुन्या वाङ्मयातही सूत्रधारास उपयोगी अशी पद्धती सापडते. त्यातील तीन उदाहरणे येथे घेऊ.

पहिले ‘स्थानपोथी’ या महानुभावीय ग्रंथाचे. श्रीचक्रधरांचा ज्या ज्या स्थानांशी संबंध आला त्यांची नोंद या ग्रंथात आहे. पैठण, वेरूळ ही आपल्या परिसरातील गावेही त्यांत आहेत. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास काय आहे, स्वामी कोठे बसत, कोठे निजत, अशी ही नोंद आहे. वर्णनात अलंकार जवळजवळ नाहीत. भक्ताला त्या जागी जाऊन वंदन करावयाचे होते, म्हणून दिशा चुकून चालत नव्हती. सूत्रधारानेही आपल्या काल्पनिक गावाची अशी एक लहानशी पोथी करावी : पाणवठा कोणीकडे, वेस कोणत्या दिशेला, रात्री दिवा कोणाच्या घरी. दहा ओळी पुरतात. खेळाडू तीन आठवड्यांनी त्याच गावी परतले आणि वेस जागेवर सापडली, म्हणजे ते गाव त्यांचे होते.

दुसरे उदाहरण कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तील. राजाचा रोग बरा व्हावा म्हणून राणीने घृष्णेश्वराला देऊळ बांधण्याचा नवस केला आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही असे व्रत धरले. राजा बरा झाला. परंतु इतक्या थोड्या अवधीत शिखर कोण दाखविणार? तेव्हा कोकस नावाच्या स्थपतीने आठवड्याच्या आत ते दाखवितो म्हणून कबूल केले आणि डोंगर वरून खाली खोदावयास आरंभ केला. कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी झाले असे अभ्यासक मानतात, आणि ते खरोखरच वरून खाली खोदलेले आहे. म्हणजे कथेतील अद्भुताने शिल्पाचे एक प्रत्यक्ष लक्षण उचलले आणि त्याला एका उपाशी राणीचे कारण दिले. कल्पनेचा असा उपयोग अनुकरणीय आहे. काल्पनिक देशात एखादी विचित्र वस्तू मांडावयाची असेल, तर ती तशी का झाली याचे उत्तर कोणाच्या तरी भुकेत, नवसात, भांडणात किंवा वचनात शोधावे. ‘हा मनोरा जादूने उलटा आहे’ यात काही नाही. ‘हा मनोरा उलटा आहे, कारण बांधणाऱ्याला पैसे फक्त शिखराचे मिळाले होते’ यात एक माणूस आहे, आणि त्याचे वारस अजून गावात असू शकतात.

तिसरे उदाहरण एकनाथांचे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर अधिकारी होते. गुरूंच्या हिशेबातील एका पैची चूक शोधीत नाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. दुसरीही एक आख्यायिका आहे : गुरू समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनी गुरूंचा वेष व शस्त्रे धारण करून किल्ला राखला. एकाच किल्ल्यावरील या दोन कथा शेजारी ठेवल्या, म्हणजे पात्र कसे घडवावे हे कळते. केवळ चिलखत घालणारा वीर सर्वत्र भेटतो. जो काल रात्री एका पैसाठी जागला होता तोच आज चिलखत घालतो, तेव्हा त्याच्याविषयी आपल्याला कुतूहल वाटू लागते. नाथांची भारुडेही या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. जोशी, गोंधळी, वासुदेव अशा नाना लोकांची ‘सोंगे’ त्यांत आली असून, प्रत्येकाची बोलण्याची ढब ही त्याची ओळख आहे. कथाक्रीडेतील भूमिका म्हणजे याच अर्थाने सोंग होय.

५. भाषा आणि नामकरण

कल्पित जग शब्दांनी उभे राहते, याचे उत्तम उदाहरण आपल्या भाषांच्या अभ्यासातूनच निपजले आहे. मुहंमद अब्दुर रहमान बार्कर हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ उर्दू व बलुची या भाषांचे अभ्यासक होते आणि मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवीत. त्यांनी अनेक वर्षे मनात वाढविलेले ‘टेकुमेल’ नावाचे जग १९७५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्या जगासाठी त्यांनी भाषा, लिप्या, घराणी आणि शिष्टाचार रचले. युरोपीय मध्ययुगाची छाया टाळून रचलेल्या आरंभीच्या जगांत त्याची गणना होते.

प्रत्येक सूत्रधाराला नवी भाषा रचणे शक्य नाही, आणि मराठी सूत्रधाराला त्याची गरजही नाही. मराठीच्या निरनिराळ्या थरांतील शब्द योग्य जागी वापरले, तरी काम भागते. यादवकालीन वाटावा अशा देशात नाणे ‘पद्मटंक’ किंवा ‘दाम’ असावे. सुलतानी अमलाच्या छायेतील शहरात ‘कोतवाल’, ‘दरोगा’, ‘फर्मान’ हे शब्द यावेत. गावकुसापाशी ‘वेस’, ‘चावडी’, ‘बारव’ असावी. बाजारात नाणे कोणत्या नावाने मागितले यावरून परका माणूस ओळखू यावा, एवढी शिस्त पाळली तरी प्रत्येक सौदा हा लहानसा प्रसंग बनतो. मात्र एकाच वाक्यात तिन्ही थर कोंबल्यास शब्दकोश वाचल्यासारखे होईल. एका बैठकीत दोन-तीन नवे शब्द पुरेत.

६. मर्यादा आणि जबाबदारी

येथवर स्थळे व कथा यांच्याकडे केवळ साहित्य म्हणून पाहिले. परंतु ही स्थळे ओस पडलेली नाहीत. जनार्दनस्वामींच्या स्मरणार्थ आजही लोक देवगिरीवर जातात. खुलताबादच्या दर्ग्यांत दिवे लागतात. घृष्णेश्वर हे जागते ज्योतिर्लिंग आहे. १२९६ ची स्वारी किंवा १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांवर लादलेले दौलताबादचे स्थलांतर, यांत खऱ्या माणसांचे हाल झाले. म्हणून शक्यतो मूळ नावे जशीच्या तशी न घेता त्यांतील रचना उचलावी : किल्ला काल्पनिक, धूर खरा, राजा काल्पनिक, मीठ खरे. असे केल्याने कोणाच्या श्रद्धेस धक्का लागत नाही आणि खेळाडूलाही निकाल बदलण्याचे स्वातंत्र्य राहते.

याहून गंभीर प्रश्न जन्माचा आहे. या खेळाच्या जुन्या नियमांत मानवेतर ‘वंश’ असत आणि त्यांपैकी काही जन्मतःच दुष्ट किंवा मंदबुद्धी म्हणून सांगितले जात. अशा वंशांना ठार मारण्यात पाप नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होई. यावर पाश्चात्त्य खेळाडूंतच टीका झाली, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमग्रंथात ‘वंश’ या अर्थाचा शब्द काढून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. आपल्याकडे हा प्रश्न परक्यांचा वाद म्हणून बाजूस सारता येणार नाही. ज्या समाजात जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्याची रूढी शतकानुशतके चालली, आणि ज्या शहरात विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळण्यास १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडावे लागले, तेथे जन्मतः नीच अशी जात खेळापुरती जरी कल्पिली, तरी टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला तरी ती ओळखीची वाटेल. खेळाडू तोंडाने काही म्हणणार नाही. पुढच्या रविवारी तो येणार नाही, एवढेच.

याचा अर्थ शत्रू नसावेत असा नव्हे. शत्रूला जन्माऐवजी कारण द्यावे. याच शहराच्या संस्थापकाचे चरित्र यासाठी पुरेसे आहे. मलिक अंबर आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. १६२६ मध्ये तो मरण पावला तोवर मोगलांना त्याने दख्खनेत स्वस्थता लाभू दिली नाही. उत्तरेकडील टेकड्यांतून शहरात पाणी आणणारी त्याची भूमिगत नहर हेही सूत्रधारास एक उत्तम आलंबन आहे. मोगलांच्या बाजूने खेळल्या जाणाऱ्या कथेत अंबर हा शत्रू. नहरीचे पाणी पिणाऱ्याच्या कथेत तोच पोशिंदा. एकाच माणसाविषयी अशी दोन खरी मते असू शकतात, हे खेळाडूंना टेबलावर उमगले, तर मोहिमेत वर्षभर पुरेल इतके द्रव्य हाती आले असे समजावे.

सोंगाविषयीही हेच. दुसऱ्याची भूमिका घेणे म्हणजे त्याची नक्कल करून हसणे नव्हे. ज्याचे सोंग घेतले तो माणूस त्या वेळी खोलीत असता, तर त्याला ऐकवत राहिले असते काय, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूने मनाशी विचारावा.

७. उपसंहार

वरील विवेचनाचे सार व्यवहाराच्या भाषेत असे सांगता येईल. बैठकीपूर्वी सूत्रधाराने तीनच तपशील लिहून ठेवावेत : हाताळता येईल अशी एक वस्तू, जिचा नियम हळूहळू कळेल अशी एक भीती, आणि ज्याला काहीतरी हवे आहे असा एक माणूस. तिन्ही आपण पाहिलेल्या जागेतून किंवा वाचलेल्या मराठी ग्रंथातून आले असतील तर उत्तम. त्यांतून खेळाडू काय करतील हे मात्र लिहून ठेवू नये. ते त्यांचे काम आहे. एखादा तपशील त्यांनी हाती घेतला नाही तर आग्रह न धरता तो पुढील बैठकीसाठी राखून ठेवावा. ज्याविषयी ते आपण होऊन प्रश्न विचारतील, तिकडे कथा वळू द्यावी.

आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी मोहीम सुरू करण्यापूर्वी एकदा दौलताबादेस जावे. अंधारीत शिरल्यावर दिवा क्षणभर झाकावा, पायऱ्या मोजाव्यात, त्या कोठे उंच आणि कोठे बुटक्या आहेत ते पायांनी पाहावे, कशाचा वास येतो, कोणता आवाज कोणत्या दिशेने येतो, ते बाहेर आल्यावर वहीत टिपून घ्यावे. स्थानपोथीच्या कर्त्याने हेच केले होते. अशी पाच-सात टिपणे हाताशी असली, म्हणजे धुके आणि घुबडे यांची उणीव बैठकीत कोणालाही भासणार नाही.